अनामिक कामगार आणि एक प्रेक्षक भगिनी

पुण्यात बदली होऊन आल्यावर माझ्या वडिलांनी पहिल्याच आठवड्यात दोन कामं उरकली. दुधाचा रतीब लावला आणि चित्रपट मंडळाचे सभासद झाले. दूधवाला महिनाभरात बदलला. मंडळ मात्र आमच्या घरात कितीतरी वर्षं ठाण मांडून होतं. बाबा पाटबंधारे खात्यात होते. अकोल्याला असताना सिनेमात हीरोची एन्ट्री झाली की ते शिट्टी वाजवत, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. पण शनिवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत सामान लागलं आणि त्या शिट्टीचा उल्लेख घरात बंद झाला. घरमालकांनी पहिल्या दिवशी आडनाव विचारलं. ‘इंगळे’ ऐकल्यावर थोडं थांबून ‘म्हणजे तुम्ही तिकडचे’ असं म्हणाले. तिकडचे म्हणजे कुठले हे त्यांनी सांगितलं नाही, आणि टीव्हीवर ठेवलेल्या बुद्धाच्या मूर्तीकडे त्यांची नजर गेलेली बघून बाबांनीही विचारलं नाही. त्याच संध्याकाळी बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक तक्ता लिहिला आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून लावला. डावीकडे ‘काऊन’, उजवीकडे ‘का’. डावीकडे ‘मले’, उजवीकडे ‘मला’. डावीकडे ‘पाह्यलं’, उजवीकडे ‘पाहिलं’. तळाशी लाल शाईत सूचना होती, की ‘बापा’ हा शब्द कुठल्याही वाक्याच्या शेवटी लावू नये.

तक्ता अर्थातच आईसाठी होता. मी वर्षभरात इतकी तयार झाले, की कॉलेजात मूळ गाव विचारलं तर ‘पुण्याचेच’ असं सांगायला लागले. बाबा ऑफिसात शिकले. आईचं मात्र तक्त्याच्या डाव्या बाजूशी जास्त सूत होतं. ती भाकरी थापताना तक्त्याकडे पाठ करून बसे, आणि जवसाची चटणी कुटताना खलबत्त्याच्या आवाजात जे बोलायचं ते बोलून घेई. तिच्या हातचे कढीगोळे आणि गोळाभात ज्या दिवशी असे, त्या दिवशी खालच्या मजल्यावरून शिंकांचा आवाज येई आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात ‘तिखट जरा बेतानं हं’ असं एक वाक्य भेटे. आईला ‘ण’ म्हणता येत नसे. पानी, कोन, आनि. मी अभ्यासाचं पुस्तक खाली ठेवून तिला सांगायची, “पाणी, आई. जीभ वर लाव. पाणी.” ती जीभ वर लावायची, हसायची आणि म्हणायची, “तहान तं दोन्हीनंही जाते नं बापा!” आज हे लिहिताना माझीच जीभ टाळ्याला लागते. तेव्हा मात्र मला तिची लाज वाटायची. हे कबूल करायला मला बराच उशीर झालेला आहे.

पुण्यातला एकच शब्द तिला कधी उमगला नाही, आणि तो म्हणजे ‘बरं’. पहिल्या संक्रांतीला तिनं शेजारी तिळाच्या पोळ्या दिल्या. शेजारीणबाईंनी खाऊन ‘बऱ्या झाल्यात’ म्हटलं. आई दिवसभर खिन्न. आमच्याकडे आजाऱ्याला बरं वाटतं, पोळीला नाही. बाबांनी समजावलं, की इथे ‘बऱ्या’ म्हणजे उत्तम. मग घरमालकीणबाई तिच्या नव्या पडद्यांना ‘बरे आहेत’ म्हणाल्या तेव्हा आई खूश झाली, तर बाबा म्हणाले, “अगं, ते वाईट म्हणाल्या.” आईनं विचारलं, “मंग समजाचं कसं?” बाबा म्हणाले, “आवाजावरून.” आईनं तो शब्द वापरायचाच नाही असं ठरवलं.

मंडळाचे खेळ दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये होत. लग्न असलं तर खेळ रद्द, आणि खेळ असला तर खालून येणारा वरणभाताचा वास पडद्यावरच्या उपाशी माणसांना छळत असे. दाराशी पाटी होती: ‘चित्रपट चालू असताना चित्रपट पाहावा.’ तिच्या खाली दुसरी: ‘चहा चर्चेनंतर मिळेल. चर्चा न करता चहा मिळणार नाही.’ दोन्ही पाट्या सेक्रेटरी देवधरांच्या हातच्या. देवधर बँकेतून निवृत्त झालेले, बारीक, ताठ, आणि माणसाकडे न बघता त्याच्या कपाळाच्या थोडं वर बघून बोलणारे. त्यांना चित्रपट आवडला तर ते ‘पाहण्यास हरकत नाही’ म्हणत, आणि फारच आवडला तर काहीच न बोलता चष्मा पुसत. बाबा या चष्मा पुसण्याकडे डोळे लावून असत. देवधरांच्या तोंडून पडलेले शब्द ते खिशातल्या डायरीत उतरवत आणि सोमवारी दाढी करताना आरशासमोर घोळवत. अवकाश. अन्वयार्थ. व्यक्तिरेखाप्रधान. हा शेवटचा त्यांना फार जड गेला, गालाला एकदा ब्लेडही लागलं. आईनं विचारलं, “व्यक्तिरेखाप्रधान म्हंजे काय?” बाबा तुरटी लावत म्हणाले, “ज्याच्यात काही घडत नाही तो.”

ते दिवस अख्ख्या देशाच्याच घरात नवं सामान येण्याचे होते. केबलची वायर गच्चीवरून गच्चीवर निघाली होती, पेठेत दर चौथ्या जिन्यावर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली होती, आणि ज्यांची मुलं अमेरिकेला गेली ते लोक घड्याळात दोन वेळा बघायला शिकले होते. देवधरांच्या मुलानं तिकडून त्यांच्यासाठी कॉम्प्युटर घेऊन दिला होता. त्याला देवधरांनी पलंगपोसाचं कव्हर शिवून घेतलं आणि वर चिठ्ठी डकवली: ‘हात धुऊनच हात लावावा.’ स्वतः ते हात धुऊनही लावत नसत. मंडळाचं चार पानी मासिक पत्रक त्यावर टाइप करायला त्यांना कोणीतरी हवं होतं आणि मी क्लासला जात होते. बाबांनी मला देऊ केलं, दुसरा शब्द नाही. देवधर तोंडी सांगत, मी टाइप करी, आणि शेवटी त्यांचा प्रिंटर अशा काही किंकाळ्या फोडी की मांजर पलंगाखाली जाई. त्यांचा पुतण्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या जागेवर होता. “परीक्षा झाली की त्याला सांगतो तुझ्याबद्दल,” असं देवधर माझ्या कपाळाच्या वर बघत एकदा म्हणाले होते. ते वाक्य मी उशाशी घेऊन झोपत असे.

आणि मग एका रविवारी मंडळानं जोडखेळ ठरवला. आधी परदेशी व्यक्तिरेखाप्रधान चित्रपट, मग एक ऐतिहासिक माहितीपट, विषय वऱ्हाडातला कापूस आणि त्याची सरकी काढून गाठी बांधणारे जिनिंग-प्रेस. माहितीपटाचा तरुण दिग्दर्शक स्वतः हजर राहणार होता. तो आधी सॉफ्टवेअरमध्ये होता आणि ते सोडून दाढी वाढवून इतिहासाकडे वळला होता. म्हणजे मला जिथे जायचं होतं तिथून तो पळून आला होता. देवधरांनी बाबांना सांगितलं, “इंगळे, तुम्ही तिकडचे. दिग्दर्शकाचे आभार तुम्ही माना.” एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बाबांना व्यासपीठावर खुर्ची मिळणार होती. घरमालकांच्या तोंडी ऐकलेलं ‘तिकडचे’ आता मानपत्रासारखं त्यांनी घरी आणलं आणि सगळ्यांनी यायचं असं जाहीर केलं. सगळ्यांनी म्हणजे आईनंही. ती कधी येत नसे. पण विषय तिच्या माहेरचा होता. तिचे वडील मूर्तिजापूरच्या एका जिनिंग-प्रेसमध्ये हमाल होते.

आठवडाभर तयारी चालली. चर्चेत कोणी बायकांना विचारलंच, तर काय बोलायचं याची बाबांना धास्ती होती. त्यांनी डायरी चाळून आईसाठी दोन शब्द निवडले. “फक्त एवढंच म्हण. अंतर्मुख झाले. बाकी काही नाही. कुठल्याही चित्रपटाला चालतं.” आईनं वांगी चिरता चिरता पाठ केलं. अंतर्मुख झाले. अंतर्मुख झाले. त्यात ‘ण’ नव्हता, हे बाबांचं खरं कौशल्य.

पहिला चित्रपट कुठल्याशा थंड देशातला होता. एक म्हातारा घड्याळजी आणि त्याची मुलगी. म्हातारा तिच्याशी बोलत नाही. का बोलत नाही ते चित्रपट सांगत नाही. पावणेदोन तास तो घड्याळं उघडतो, मिटतो, ती सूप आणते, सूप गार होतं. शेवटी ती पेटी उचलून कायमची निघून जाते. तिचा जिन्यातला आवाज थांबल्यावर म्हातारा उठतो आणि तिची खुर्ची हळूच टेबलाखाली सरकवतो. संपलं. खरं सांगायचं तर तिथे मी ओढणीनं डोळे टिपले, आणि शेजारी आई पदराचं टोक चावत होती. दिवे लागल्यावर देवधर बराच वेळ चष्मा पुसत राहिले, म्हणजे काहीतरी फारच थोर झालं होतं. मग पाऊण तास चर्चा. खुर्ची म्हणजे अनुपस्थिती, असं एकजण म्हणाले. दुसऱ्यांच्या मते खुर्ची म्हणजे सत्ता. तिसऱ्यांनी सूपाकडे कोणाचंच लक्ष गेलं नसल्याबद्दल खेद व्यक्त केला. बापलेकीच्या नात्यातलं न बोललेलं दुःख दिग्दर्शकानं किती संयमानं टिपलंय, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. देवधरांनी बायकांच्या रांगेकडे वळून आईला विचारलं, “आपल्याला काय वाटलं?” बाबा व्यासपीठावर रुमाल पिळत होते. आई उभी राहिली आणि म्हणाली, “अंतर्मुख झाले.” सबंध हॉलनं मान डोलावली. देवधर म्हणाले, “वा. नेमकं.” बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद मी तेव्हा पाहिला, तो माझा दहावीचा निकाल लागल्यावरही दिसला नव्हता.

मग माहितीपट सुरू झाला. त्यात दिग्दर्शकानं कुठूनतरी मिळवलेलं जुनं, आवाज नसलेलं चित्रण होतं. कापसाच्या गाड्या, सरकीचे ढीग, धूर सोडणारी चिमणी, टोपी घातलेला साहेब. वर एका भारदस्त आवाजातलं निवेदन. प्रेसमधून रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी बाहेर येत होत्या आणि एक उघडा, काळा, काटक माणूस प्रत्येक गाठीला तळहातानं तीन थापा मारून ती पुढे ढकलत होता. थाप मारताना त्याचे ओठ हलत होते. निवेदनातला आवाज म्हणाला, “हा अनामिक कामगार अनुभवी हातांनी गाठीची घनता तपासत आहे.”

“घनता नाही तपासत थो!”

मला आधी कळलंच नाही की ही आई आहे. ती अंधारात उभी राहिली होती आणि तिची सावली पडद्यावरच्या गाठीवर पडली होती. “थो माहा बाप होय! पुंजाजी. पुंजाजी तायडे. पाहा, पाहा नं, बोलून राह्यला पाहा. ‘जाय माय, सुखी राह्य’ म्हनते थो. हरेक गाठीले म्हने. लोकं हासत त्याले.” तिचा आवाज चिरकला. “मले सासरी लावून देताना पाठीवर अशाच तीन थापा मारल्या त्यानं. अशाच!”

प्रोजेक्टर चालूच होता. आजोबा एका गाठीमागून दुसरी गाठ सासरी पाठवत होते, आणि आता हॉलमधल्या कोणालाही त्यांचे ओठ वाचता आले असते. मग गाड्या आल्या, मग नकाशा आला. कोणीतरी ‘शूः’ केलं. त्या पाटीला अनुसरून सगळ्यांनी चित्रपट पाहिला.

दिवे लागल्यावर दिग्दर्शक गोंधळलेला होता. त्या दाढीत मुळात एक भला मुलगा होता, पण त्यानं देवधरांकडे बघितलं आणि तिथेच सगळं फसलं. देवधर उठले. “आपल्या भावना आम्ही समजू शकतो,” ते आईच्या कपाळाच्या वर बघत म्हणाले, “पण कलाकृतीत ती एक व्यक्ती नाही, प्रतीक आहे. तो अनामिक आहे म्हणूनच तो सगळ्यांचा आहे. नाव दिलं की प्रतीक उणावतं.” आई म्हणाली, “पन त्याले नाव होतं नं.” कोणीतरी हसलं, वाईट हेतूनं नव्हे, चहाची वेळ झाली होती म्हणून. काल्पनिक घड्याळजीच्या काल्पनिक मुलीला ज्या हॉलनं पाऊण तास दिला होता, त्यानं माझ्या आईला दोन मिनिटं दिली. मग देवधरांनी आभारासाठी बाबांना पुढे केलं. बाबा उठले. त्यांच्या हातात डायरी होती. मला वाटलं, आता बाबा बोलतील. ते म्हणाले, “सौभाग्यवती जरा भावुक झाल्या आहेत. मंडळाच्या वतीनं दिग्गर...” ते अडखळले, “दिग्दर्शकांचे आभार.” चहा बरा होता.

घरी आईनं नेहमीसारखं जेवायला वाढलं. कढीगोळे होते, तिनं पहाटेच करून ठेवलेले. शेवटी बाबा पानातली कढी चिवडत म्हणाले, “काऊन बोलत नाहीस?” तक्ता त्यांच्या पाठीमागेच होता. आईनं त्यांना आणखी एक गोळा वाढला.

संध्याकाळी मी एकटी असताना ती माझ्याजवळ आली. तिच्या हातात वहीच्या पानाचा तुकडा होता. ती चौथी शिकलेली, अक्षर मोठं, शिरोरेघ आधी ओढून मग खाली अक्षरं टांगलेली. ‘पुंजाजी कचरूजी तायडे.’ “तुमचं थे पत्रक निंगते नं, त्याच्यात हे टाक,” ती म्हणाली. “मोठं नको काही. फक्त नाव. त्याचं नाव कोठंच छापलं नाही कधी. प्रेसच्या हजेरीतही नुसता आंगठा होता त्याचा.” मी “टाकते” म्हटलं. तिनं मला चिठ्ठी परत एकदा वाचून दाखवायला लावली, मी चुकीचं टाइप करू नये म्हणून.

दोन दिवसांनी मी देवधरांकडे हात धुऊन बसले. त्यांनी जोडखेळाचा वृत्तान्त सांगायला सुरुवात केली. घड्याळजीला सव्वा पान. माहितीपटाला पाव. शेवटी ते म्हणाले, “लिही. एका प्रेक्षक भगिनीनं पडद्यावरील अनामिक कामगाराशी उत्स्फूर्त भावनिक नातं जोडलं, यातच माहितीपटाचं यश आहे.” मी टाइप केलं. ते आत चहा सांगायला गेले. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. मी ‘अनामिक’ पुसलं आणि तिथे ‘पुंजाजी कचरूजी तायडे या’ असं टाइप केलं. ‘एका प्रेक्षक भगिनीनं’ पुसून ‘त्यांच्या मुलीनं’ केलं. वाक्य आता खरं झालं होतं आणि व्याकरणातही कुठे अडत नव्हतं. स्क्रीनवर ते नाव हिरव्या अक्षरांत लुकलुकत होतं. तेवढ्यात आतून देवधरांचा आवाज आला, “पुतण्याशी बोललो बरं का तुझ्याबद्दल. पुढच्या सोमवारी बोलावलंय.” मला कोणी पुसायला सांगितलं नव्हतं. मीच एकेक अक्षर मागे जात पुसलं, आधी तायडे, मग कचरूजी, मग पुंजाजी, आणि चहा येईपर्यंत ‘अनामिक’ आणि ‘भगिनी’ आपापल्या जागी परत बसवले. देवधरांनी वाचून पाहिलं आणि म्हणाले, “शुद्धलेखन चांगलं आहे तुझं.”

पत्रक पोस्टानं घरी आलं तेव्हा आई भाजी निवडत होती. तिनं हात पुसले, दारातल्या उजेडात बसली आणि बोट ठेवून वाचायला लागली. सव्वा पान घड्याळजी तिनं नेटानं वाचला. मग उलटून माहितीपट. बोट ‘भगिनी’पाशी थांबलं, पुढे गेलं, शेवटच्या टिंबापाशी पोचलं, आणि परत पहिल्या ओळीवर आलं. तिनं दुसऱ्यांदा सगळं वाचलं. मी आतल्या खोलीत मुलाखतीसाठी ड्रेसला इस्त्री करत होते, पण माझं लक्ष तिच्या बोटावरच होतं. तिनं पत्रकाची नीट घडी घातली, माझ्यासमोर इस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता, माझ्या कपाळाच्या थोडं वर बघून म्हणाली,

“वर्णन बरं केलंय.”

‘ण’ स्वच्छ होता. ‘केलंय’ तक्त्याच्या उजव्या बाजूचं होतं. आणि ‘बरं’चा अर्थ मला आवाजावरून कळला. एवढ्या वर्षांत आईनं कोणी न पढवता, पुण्याचं म्हणून बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि ते इतकं निर्दोष होतं की मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

नोकरी मला लागली. तीस वर्षं केली. वाघोलीच्या पलीकडे मोठ्या खिडक्यांचा फ्लॅटही झाला, आणि आई शेवटची काही वर्षं तिथे माझ्याकडे होती. तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मीही काढला नाही. माफी मागायला जीभ नुसती वर लावून भागत नाही. बाबांनी तक्ता कधी काढला ते मला आठवत नाही, पण त्या दाराला चार खिळ्यांची भोकं राहिली होती. तो माहितीपट मध्यंतरी मला इंटरनेटवर सापडला. बत्तीस जणांनी पाहिलाय. भारदस्त आवाज अजून तेच सांगतो. मी आवाज बंद करून पाहिला, म्हणजे ओठ वाचता येतात.

या पुस्तकाच्या संपादक एक हुशार तरुण मुलगी आहेत. हे प्रकरण वाचून त्यांनी फोन केला. “मॅम, खूप टची आहे. फक्त आजोबांचं पूर्ण नाव लागेल का? वाचकाला नुसतं ‘आजोबा’ जास्त रिलेट होईल, म्हणजे सगळ्यांचे आजोबा वाटतील.” मी त्यांना सांगितलं, की पुस्तकातलं दुसरं काय वाटेल ते कापा. चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे, ती समोर ठेवून मी एकेक अक्षर टाइप करते आहे. पुंजाजी कचरूजी तायडे, हमाल, मूर्तिजापूर. ते घनता तपासत नव्हते.